तारेतला जुगार आणि घड्याळाचा हट्ट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला होतो. गिअर आणि शाफ्ट तापवून कडक करणाऱ्या भट्ट्या तिथे होत्या. भट्टीचं तापमान वाचायचं, ते ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चढतंय-उतरतंय ना ते बघायचं आणि हद्दीबाहेर गेलं तर हीटर बंद करायचे, एवढं काम एक जुनं ४८६ मशीन करायचं. त्यावर क्यूएनएक्स नावाची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम होती. मालकांना भट्टीचा आलेख आपल्या केबिनमध्ये बसून बघायचा होता. म्हणून मला बुधवार पेठेत नेटवर्क कार्ड आणायला पाठवलं. दुकानदाराने काही न विचारता एक खोकं पुढे सरकवलं. "एनई-दोन हजार कम्पॅटिबल आहे. सगळ्यात चालतं."

आमच्यातही चाललं. ड्रायव्हर सुरू केला, केबिनमधल्या मशीनला हाक मारली, उत्तर आलं. मी खूश. अर्ध्या तासाने आमचे इलेक्ट्रिशियन मामा भट्टीच्या झरोक्यातून आत बघून आले आणि स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हा आकडा खोटा आहे. आत रंग वेगळाच दिसतोय." स्क्रीनवर ८४० अंश होते. गेली वीस मिनिटं ८४०च होते. मामांनी माझ्या उत्तराची वाट न बघता मेन स्विच खाली ओढला.

कारण अगदी क्षुल्लक निघालं. एनई-२००० कार्ड कारखान्यातून येतं तेच तीन नंबरच्या इंटरप्टवर बसलेलं. पीसीचा दुसरा सिरियल पोर्ट, म्हणजे कॉम-२, हाही तीन नंबरच वापरतो. आणि आमचा तापमान मोजणारा कंट्रोलर नेमका कॉम-२ वर होता. त्या काळच्या आयएसए बसवर इंटरप्टची एक तार दोघांना वाटून घेता येत नसे. नेटवर्क बोलू लागलं आणि भट्टीचा आवाज बंद पडला. कार्डावरचा जंपर काढून पाचवर लावला, ड्रायव्हरला सांगायच्या ओळीत तीनच्या जागी पाच लिहिलं आणि दोघेही बोलू लागले.

हा दोष समजायला मला एक दुपार लागली. त्यामागची गोष्ट समजायला पुढची बरीच वर्षं. कारण त्या मशीनमध्ये भांडत होत्या त्या फक्त दोन तारा नव्हत्या. संगणकाच्या इतिहासातले दोन स्वभाव तिथे समोरासमोर आले होते. गंमत म्हणजे दोघांचं जन्मवर्ष एकच आहे: १९७३.

एका वर्षातले दोन कागद

जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका संगणकशास्त्राच्या नियतकालिकात सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांचा एक निबंध छापून आला. लिऊ एमआयटीत होते. लेलँड कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जिथून अंतराळयानं चालवली जातात त्या संस्थेत. त्यांचा प्रश्न असा होता: एकाच प्रोसेसरवर अनेक कामं आहेत, प्रत्येक काम ठरावीक काळाने परत परत येतं आणि पुढची पाळी येण्याआधी ते संपलंच पाहिजे. मग कुणाला आधी वेळ द्यायचा? आणि सगळं वेळेत होईल याची आधीच खात्री देता येईल का?

त्यांचं उत्तर आजही अभ्यासक्रमात शिकवतात. जे काम जास्त वेळा येतं त्याला वरची प्रायॉरिटी द्या. सगळ्या कामांचा मिळून प्रोसेसरवरचा भार एका मर्यादेच्या आत ठेवलात, तर एकही काम चुकणार नाही, हे गणिताने सिद्ध होतं. कामांची संख्या वाढत जाते तशी ही मर्यादा साधारण ६९ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. म्हणजे तीसेक टक्के ताकद हातची राखा, बदल्यात तुम्हाला हमी मिळेल. रिअल-टाइम या शब्दाचा अर्थ वेगवान असा नाही. वेळेवर, आणि तेही दर वेळी, असा आहे. दहा लाखांपैकी एकदा उशीर झाला तर सरासरी बिघडत नाही, भट्टी मात्र बिघडते.

त्याच वर्षी २२ मे रोजी पालो आल्टोतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ या तरुण अभियंत्याने एक अंतर्गत टिपण टाइप केलं. केंद्रात आल्टो नावाचे वैयक्तिक संगणक तयार होत होते आणि ते एकमेकांना व नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते. मेटकाफचा प्रस्ताव होता की सगळ्यांना मिळून एकच केबल टाकावी, मध्ये कुणी नियंत्रक नको, ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. या माध्यमाला त्याने ईथर म्हटलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत, ते हे ईथर. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगाला त्याचा मागमूस लागला नव्हता. भौतिकशास्त्राने टाकून दिलेला हा शब्द तारेच्या नशिबी आला.

हवाईची बेटं आणि फाशांचा खेळ

मेटकाफची कल्पना हवाई बेटांवरून आली होती. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं होतं. बेटाबेटांवरच्या टर्मिनलांना मुख्य संगणकाशी जोडायला टेलिफोनच्या तारा सोयीच्या नव्हत्या, म्हणून रेडिओ. सगळ्यांना एकच फ्रिक्वेन्सी. मग दोघे एकदम बोलले तर? अब्रॅमसन यांचं उत्तर होतं, बोलू देत. संदेश एकमेकांत मिसळून खराब होतील, पोच येणार नाही, मग प्रत्येकाने यदृच्छेने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावं. दोघे वेगवेगळा वेळ थांबले की प्रश्न मिटला.

ही साधी युक्ती महागही होती. हिशेब केला तर अशा वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते. वेळेचे कप्पे पाडून प्रत्येकाने कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलायचं ठरवलं तर ३७ टक्के. मेटकाफचा हार्वर्डमधला पीएचडीचा प्रबंध पुरेसा सैद्धांतिक नाही म्हणून नाकारला गेला होता. अलोहाचं गणितच आणखी खोलात नेऊन त्याने तो पुन्हा सादर केला.

तारेत त्याने दोन सुधारणा केल्या. बोलण्याआधी ऐकायचं, आणि बोलतानाही ऐकत राहायचं. टक्कर झालेली कळली की लगेच गप्प बसायचं. मग फासा टाकायचा. पहिल्या टकरीनंतर शून्य किंवा एक कप्पा थांबायचं, दुसऱ्या टकरीनंतर शून्य ते तीन, तिसरीनंतर शून्य ते सात. असं करत दहाव्या टकरीला शून्य ते १०२३. सोळा प्रयत्न फसले की हात टेकायचे आणि वरच्या सॉफ्टवेअरला सांगायचं की नाही जमलं. पुढे प्रमाणित झालेल्या दहा मेगाबिटच्या ईथरनेटमध्ये हा एक कप्पा ५१.२ मायक्रोसेकंदांचा होता.

डेव्हिड बॉग्ज या हौशी रेडिओवाल्याला हाताशी धरून मेटकाफने हे प्रत्यक्षात उतरवलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये पहिली जोडणी चालली. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. हा विचित्र आकडा आल्टोच्या घड्याळातून आला होता. वेगळं घड्याळ बसवायचा खर्च त्यांनी वाचवला.

इथे थांबून बघितलं तर दोन कागदांमधली दरी स्पष्ट दिसते. लिऊ आणि लेलँड म्हणतात, सगळ्यात वाईट प्रसंगी काय होईल ते आधी सांगा. मेटकाफ म्हणतो, बहुतेक वेळा छान चालेल. माझा संदेश किती वेळात पोचेल, या प्रश्नाला मूळच्या ईथरनेटकडे उत्तरच नव्हतं. फार तर शक्यता सांगता येत होती.

कारखान्यांचा नकार

म्हणूनच कारखान्यांनी ईथरनेट बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यांतली यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून एमएपी नावाचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्यांनी ईथरनेट न घेता टोकन बस निवडली. टोकनची रीत भजनी मंडळातल्या वीण्यासारखी. वीणा ज्याच्या गळ्यात तो उभा. तो पुढे दिला की दुसऱ्याची पाळी. किती जण आहेत आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त किती वेळ मिळणार हे माहीत असलं, की आपली पाळी उशिरात उशिरा कधी येईल हे सांगता येतं. आयबीएमची टोकन रिंग याच घराण्यातली. डेटापॉइंट कंपनीचं १९७७ चं आर्कनेटही तसंच: वेग जेमतेम अडीच मेगाबिट, पण पाळी नक्की.

क्यूएनएक्सची नाळ इथेच जुळते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यासक्रम करणाऱ्या गॉर्डन बेल आणि डॅन डॉज या दोघा विद्यार्थ्यांनी १९८० मध्ये कंपनी काढली. दोन वर्षांनी त्यांची सिस्टिम बाजारात आली. आधी तिचं नाव क्यूनिक्स होतं. युनिक्सच्या मालकांनी डोळे वटारल्यावर ते क्यूएनएक्स झालं. तिचा गाभा अगदी छोटा. क्यूएनएक्स-४ च्या गाभ्याला मिळून चौदा हाका मारता येत. फाइल सिस्टिम, कीबोर्ड, नेटवर्क हे सगळं गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखं चालणारं, एकमेकांना निरोप पाठवून काम करणारं. ऐंशीच्या दशकात ओंटारिओच्या शाळांसाठी बनवलेल्या आयकॉन संगणकांवर हीच सिस्टिम होती आणि ते संगणक आर्कनेटने जोडलेले होते. क्यूएनएक्सचं वैशिष्ट्य असं की निरोप शेजारच्या प्रोग्रॅमला जातोय की शेजारच्या मशीनला, हे पाठवणाऱ्याला कळतही नसे. सगळं नेटवर्क मिळून एक संगणक. ही सोय आम्हाला पुढे चांगलीच भोवणार होती.

स्वस्त कार्डाची गोष्ट

टोकनवाले तत्त्वाने बरोबर होते. बाजारात मात्र ते हरले. त्याचं श्रेय बरंचसं आमच्या त्या बुधवार पेठेतल्या खोक्यासारख्या खोक्यांना जातं. नॉव्हेल कंपनीला नेटवेअर हे सॉफ्टवेअर विकायचं होतं आणि महागडी कार्डं आड येत होती. तिने नॅशनल सेमीकंडक्टरच्या ८३९० या चिपवर बेतलेलं साधंसुधं कार्ड बाजारात आणलं. आधी आठ बिटांचं एनई-१०००, मग सोळा बिटांचं एनई-२०००. रचना इतकी सोपी की कुणीही नक्कल करावी. तैवानमधल्या कारखान्यांनी तशा ढिगाने नकला केल्या. नकलाही सारख्या नसत. अस्सल एनई-२००० च्या छोट्या स्मृतीत एका ठरावीक जागी ५७ हा हेक्स आकडा दोनदा लिहिलेला असे, ती त्याची खूण. काही नकलांना तेवढीही नक्कल धड जमली नव्हती. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा वाईट नकलांची वेगळी यादीच करून ठेवलेली होती.

अशा कार्डाचा ड्रायव्हर साध्या पीसीवर सुरू करणं आणि रिअल-टाइम सिस्टिमवर सुरू करणं यात फरक आहे. वरवर बघता दोन्हीकडे दोनच आकडे द्यायचे: कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे, बहुधा ३०० हेक्स, आणि कुठला इंटरप्ट. क्यूएनएक्सच्या पुढच्या आवृत्तीत तर एका ओळीत भागायचं. आयओ-नेट या प्रोग्रॅमला ड्रायव्हरचं नाव, पत्ता, इंटरप्ट आणि वर टीसीपी-आयपी हवंय एवढं सांगितलं की झालं. पण त्या ओळीत आणखी एक आकडा न लिहिता दडलेला असतो: या ड्रायव्हरची प्रायॉरिटी किती? तुमच्या सिस्टिममध्ये नेटवर्क कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली?

हे का महत्त्वाचं, ते या कार्डाच्या पोटात शिरलं की कळतं. एनई-२००० वर सोळा किलोबाइट स्मृती. तिचे २५६ बाइटांचे कप्पे, आणि आलेली पाकिटं त्या कप्प्यांत गोल गोल भरत जातात. पाकीट आलं की कार्ड इंटरप्ट देतं. मग प्रोसेसरने स्वतः ते उचलून मुख्य स्मृतीत न्यायचं, दोन-दोन बाइट करून. पूर्ण आकाराच्या पाकिटाला साडेसातशे खेपा. या हमालीत प्रोसेसर गुंतलेला असताना भट्टीकडे कोण बघणार?

आणि प्रोसेसर उशिरा आला, गोल भरून वाहू लागला, तर? चिप बनवणाऱ्यांनी त्यासाठी विधी सांगितला होता: कार्ड थांबवा, किमान १.६ मिलिसेकंद वाट बघा, मग साफसफाई करून पुन्हा सुरू करा. ऑफिसातल्या पीसीला १.६ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. दर मिलिसेकंदाला काहीतरी करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्यात एक पाळी चुकली. ड्रायव्हर लिहिणारा हा वेळ नुसता जागेवर गोल फिरून काढतो की प्रोसेसर दुसऱ्याला देऊन झोपतो, यावर सगळं अवलंबून.

म्हणून रिअल-टाइम सिस्टिम बनवणाऱ्यांनी ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. इंटरप्ट आला की फक्त चिठ्ठी टाकायची, खरं काम नंतर एका साध्या टास्कने करायचं. विंड रिव्हर कंपनीच्या व्हीएक्सवर्क्समध्ये या टास्कची प्रायॉरिटी ठरलेली असे, ५०. तिथे शून्य सर्वांत वरचं आणि २५५ सर्वांत खालचं. प्रोग्रॅमरने विचार न करता शेलमधून सुरू केलेला टास्क १०० वर येई. म्हणजे काहीच ठरवलं नाही तर नेटवर्क तुमच्या कामापेक्षा वरचढ, हे आपोआप ठरून जाई. आणि नेटवर्कला खाली ढकललं तर त्या चिठ्ठ्यांची पेटी ओसंडून वाहिल्याचा संदेश पडद्यावर येई. दोन्हीपैकी काय परवडेल हे त्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं. कंपनी ते ठरवू शकत नाही.

मंगळावरचा एक पर्याय

असा एखादा न ठरवलेला पर्याय काय करू शकतो, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचं नाही. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून स्वतःहून रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स होतं. आतला बस ईथरनेट नव्हता, विमानांतला जुना, पाळीने चालणारा १५५३. तार बिनचूक होती, तरी वेळ चुकत होती.

हवामानाची माहिती गोळा करणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क एक कुलूप घेऊन बसे. बसवरची माहिती वाटणारा वरचा टास्क त्याच कुलपासाठी थांबे. एवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचे टास्क येत आणि खालच्याला ढकलून स्वतः चालू लागत. कुलूप सुटेना, वरचा टास्क अडकलेला. पुढच्या फेरीत पहारेकरी टास्कला काम अपुरं दिसे आणि तो सगळंच रीसेट करे. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती द्यावी, हा यावरचा उपाय. तो व्हीएक्सवर्क्समध्ये होता, फक्त त्या कुलपासाठी चालू केलेला नव्हता. प्रयोगशाळेतल्या जुळ्या यानावर दोष पुन्हा घडवून आणला आणि मंगळावरच्या यानातला तो पर्याय पृथ्वीवरून चालू केला.

यात दोन नाती दडलेली आहेत. यान चालवणारी संस्था जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे लेलँड यांचंच घर. आणि प्रायॉरिटी उलटीपालटी होण्याचा हा दोष बटलर लँप्सन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्येच लिहून ठेवला होता. कुठे? झेरॉक्सच्या ज्या केंद्रात ईथरनेट जन्मलं तिथेच. मुळात हे दोन स्वभाव एकाच वाड्यात वाढले होते, पण एकमेकांशी फारसे बोलत नव्हते.

आमचा दुसरा दोष

जंपर बदलून दोन आठवडे झाले असतील. रात्रपाळीत तापमानाच्या नोंदींमध्ये खड्डे दिसू लागले. दोन सेकंद नोंद नाही, मग ठीक, मग पुन्हा चार सेकंद नाही. दिवसा काही नाही. शेवटी कळलं की रात्री अकौंट्सची बॅकअप कॉपी त्याच हबवरून जाते.

चूक माझीच होती. भट्टी बघणारा प्रोग्रॅमच नोंद लिहीत होता, आणि नोंदीची फाइल होती शेजारच्या दुसऱ्या क्यूएनएक्स मशीनवर. क्यूएनएक्समध्ये निरोप पाठवणारा उत्तर येईपर्यंत थांबतो. फाइल इथली असो की तिथली, प्रोग्रॅमला कळत नाही, असं मी वर कौतुकाने म्हटलं ते हेच. तारेवर टकरी होत होत्या, फासे पडत होते आणि तेवढा वेळ माझा प्रोग्रॅम भट्टीकडे पाठ करून नोंदीच्या पोचेची वाट बघत उभा होता. रात्री भट्टी तापत राहिली असती तर मामांच्या डोळ्यांशिवाय तिथे दुसरं काहीही नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मी एक जुना निबंध वाचला. ईथरनेट भाराखाली कोलमडतं अशी समजूत पसरली होती, ती तपासायला बॉग्ज, जेफ्री मोगल आणि ख्रिस्तोफर केंट यांनी १९८८ मध्ये खऱ्याखुऱ्या जाळ्यावर मोजमाप केलं. बॉग्ज म्हणजे तोच, ज्याने पहिली जोडणी बनवली. निष्कर्ष ईथरनेटच्या बाजूने होता: पाकिटं मोठी असतील, केबल आणि यंत्रांची संख्या आवाक्यात असेल, तर सिद्धांत घाबरवतो त्यापेक्षा ते कितीतरी चांगलं चालतं. शेवटी काही सल्ले होते. त्यातला एक असा की ज्यांना वेळ पाळायचीच आहे अशी कामं आणि ढिगाने माहिती वाहणारी कामं एका तारेवर एकत्र करू नका. ज्याने ही तार जन्माला घातली तोच तिची मर्यादा सांगत होता. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

याच मोगल यांनी के. के. रामकृष्णन यांच्यासोबत १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पाकिटांचा मारा पुरेसा वाढला की इंटरप्टवर चालणारी सिस्टिम पाकिटं घेण्यातच पूर्ण वेळ घालवते आणि त्यांचं काहीच करू शकत नाही. दारावरची बेल सतत वाजते, माणूस दार उघडतच राहतो, आत कुणालाच घेऊ शकत नाही. त्यांचा उपाय असा की गर्दी वाढली की बेल बंद करा आणि आपल्या सवडीने दार उघडून बघा. आपल्या हातातल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत आज बहुतेक ड्रायव्हर याच रीतीने वागतात.

जुगार बंद कसा झाला

ईथरनेटमधून यदृच्छा गेली ती कुणा सिद्धांतामुळे नव्हे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका नव्या कंपनीने ईथरनेटचा स्विच बाजारात आणला. तिचं नाव होतं कल्पना, आणि संस्थापकांपैकी एक होते विनोद भारद्वाज. हब सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकवतो; स्विच प्रत्येकाला स्वतंत्र तार देतो आणि पाकीट ज्याचं त्यालाच पोचवतो. पुढे येण्याची आणि जाण्याची वाटही वेगळी झाली, तेव्हा टक्कर होण्याची जागाच उरली नाही. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. आजच्या वेगवान ईथरनेटमध्ये तो फाशांचा खेळ जवळजवळ कुठेच खेळला जात नाही. नाव मात्र तेच राहिलं.

टक्कर गेली, पण रांग आली. स्विचच्या पोटात पाकिटं थांबतात. कुणाच्या मागे किती वेळ, हा प्रश्न उरतोच. विमान बनवणाऱ्यांनी त्याला थेट उत्तर दिलं. २००५ मध्ये उडालेल्या एअरबस ए-३८० मध्ये ईथरनेटच आहे, पण प्रत्येक वाटेला आधीच ठरवून दिलंय की किती मिलिसेकंदांत एकदा बोलायचं, आणि सगळं जाळं दुहेरी. कारखान्यांसाठी २००३ मध्ये इथरकॅट आलं. त्यात एकच पाकीट सगळ्या यंत्रांमधून धावत जातं आणि प्रत्येक यंत्र आपला घास चालत्या गाडीतून उचलतं. २०१२ पासून टीएसएन या नावाखाली ईथरनेटच्या मुख्य प्रमाणातच वेळ आली. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवायची आणि स्विचमध्ये वेळापत्रकाप्रमाणे दारं उघडायची, बंद करायची. लिऊ आणि लेलँड यांचा प्रश्न चाळीस वर्षांनी मेटकाफच्या तारेत शिरला.

हा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त वाटतं ते याचं, की हमी कधीच तारेबरोबर फुकट आली नाही. आर्कनेटमध्ये ती वेग देऊन विकत घेतली, विमानात दुप्पट तारा टाकून, लिऊ-लेलँड यांच्या हिशेबात तीस टक्के ताकद राखून. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बसून ठरवलं की उशीर कुणाला परवडेल आणि कुणाला नाही. जिथे हे कुणी ठरवलं नाही, तिथे कारखान्यातून आलेल्या आकड्याने ठरवलं.

अब्रॅमसन २०२० मध्ये गेले, बॉग्ज २०२२ मध्ये. मेटकाफना २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. क्यूएनएक्स आता ब्लॅकबेरीच्या मालकीची आहे आणि मोटारींमध्ये चालते. एनई-२००० भंगारात गेलं. तरी रिकाम्या आभासी मशीनमध्ये एखादी जुनी सिस्टिम सुरू करायची असेल, तर खोटं कार्ड म्हणून अजूनही त्याचंच सोंग घेतलं जातं, आणि पत्ता विचारला तर ते ३०० हेक्स सांगतं.

आमच्या भट्टीचं म्हणाल तर मी दोन गोष्टी केल्या. नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम वेगळा केला आणि त्याला खालची प्रायॉरिटी दिली. भट्टी बघणाऱ्याने त्याच्या पुढ्यात आकडा टाकायचा आणि मागे वळून बघायचं नाही. दुसरं म्हणजे दोन क्यूएनएक्स मशीनांमध्ये स्वतंत्र तार टाकली. त्यासाठी बुधवार पेठेतून आणखी दोन कार्डं आणावी लागली. मालक म्हणाले, एक तार आहे की आधीच, मग दुसरी कशाला? मी त्यांना फासे, प्रायॉरिटी वगैरे सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. तेव्हा मामाच मध्ये बोलले. "रुग्णवाहिकेला वेगळा रस्ता लागतो, मालक." बिल मंजूर झालं.

नवी कार्डं मशीनमध्ये बसवण्याआधी या वेळी मी जंपर बघितला. दोन्ही तीनवर होती.